वाचकांचे प्रश्न : जुन्या जीपची चासी

प्रश्न : माझ्या १९६५च्या जीपच्या चासीला मागच्या पाट्याच्या हँगरजवळ (पाटा चासीला टांगतो तो कडा) तडा गेला होता. वेल्डिंग करून घेतलं, पण आठ महिन्यांत शेजारीच नवा तडा आला. आता वेल्डर म्हणतो, पुढपासून मागपर्यंत ६ मिमीची पट्टी मारू. मारावी का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : मारू नका. जीपचे लांब गर्डर बहुतेक ठिकाणी पन्हाळीसारखे एका बाजूने उघडे असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की ते थोडे पिळतात आणि तसे पिळायलाच हवेत. जाड पट्टीने तो भाग ताठ होतो, मग सगळा पीळ पट्टी संपते तिथे गोळा होतो. तुमचा दुसरा तडाही बहुधा असाच, जुन्या वेल्डिंगच्या कडेला, तापून कडक झालेल्या पत्र्यात गेला असणार.

पेट्रोलची टाकी उतरवा, बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा. चासी चार घोड्यांवर (स्टँडवर) ठेवून पाण्याच्या नळीने लेव्हल करा. हँगरच्या बोल्टांपासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर आधी चासी सरळ करून घ्या. वाकडेपणावर पट्टी बसली की तो कायमचा.

मग गंज. टोकदार हातोडीने ठोकून पाहा. पत्रा मूळ जाडीच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी उरला असेल तर ठिगळ धरणार नाही, तेवढा तुकडा कापून नवा घालावा लागेल. रिव्हेटच्या एका बाजूला बोट ठेवून दुसऱ्या बाजूने ठोका. हालचाल जाणवली, किंवा भोवती तांबूस ओघळ दिसला, तर तो ढिला आहे. त्याजागी ८.८ ग्रेडचा बोल्ट घाला, भोक रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) घट्ट बसेल इतकंच करून.

लाल डाय (तड्यात शिरणारा रंग) आणि पांढरा डेव्हलपर (तो रंग बाहेर ओढून दाखवणारी पावडर) मारून तड्याचं खरं टोक शोधा, ते डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे असतं. तिथे ५ मिमीचं भोक पाडा. जुनं वेल्डिंग पूर्ण घासून काढा, व्ही खाच करा आणि ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने आरपार भरा. पावसाळ्यात हा रॉड ओल धरतो आणि वेल्डिंगला पुन्हा तडे जातात, म्हणून आधी भट्टीत सुमारे ३०० अंशांवर तासभर तापवा. भरून झालं की गर्डरच्या लांबीच्या दिशेने सपाट घासा.

त्यावर गर्डरच्याच जाडीचं, साधारण ३ मिमीचं ठिगळ, तड्याच्या दोन्हीकडे १५० मिमी जाईल असं. टोकं शंकरपाळीसारखी निमुळती हवीत. गर्डरला आडवी शिवण एकही नको. वेल्डिंगचे टाके २५-३० मिमीचे, आलटूनपालटून, मधे गार होऊ देत. गर्डरच्या वरच्या-खालच्या पाळीवर (आडव्या दुमडलेल्या कडेवर) वेल्डिंग नको, भोकही नको. उघडी बाजू बंद करावी लागलीच तर हँगरपुरतीच करा आणि सर्वांत खाली १२ मिमीचं भोक ठेवा. खाडीकाठच्या दमट हवेत आत साठलेलं पाणी बाहेरून दिसत नाही. शेवटी सीलर, आणि आत मेणाचा फवारा.

प्रश्न : अशी दुरुस्ती केल्यावर व्हिंटेज नोंदणी मिळेल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : २०२१च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. तडा बुजवणं ही दुरुस्ती म्हणून समजावता येते, पण चासीच्या गर्डरांची उघडी बाजू सगळीकडे पट्टीने बंद केली तर तो बदलच दिसेल. चासी नंबरच्या जवळपास ग्राइंडर फिरवू नका. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो मोजपट्टी ठेवून काढा, आणि कापाकापीआधी तुमच्या आरटीओत विचारून या. नवी नोंदणी २०,००० रुपयांत, १० वर्षांसाठी होते.