ती वही तिला परत द्या

(प्रश्न, थोडक्यात : मुलगी अकरावीत, दहावीला गणितात ७८. शाळेच्या सहलीत खोडदची दुर्बीण पाहून आल्यापासून ‘फुटलेल्या ताऱ्यांचा रेडिओ’ एवढंच डोक्यात. गणित सोडून जीवशास्त्र घे, नीट दे म्हटलं तर ताटावरून उठते. त्याच नादात भरलेली तिची वही काढून घेऊन माळ्यावर टाकली, एका पानाचा फोटो जोडतोय. तिला चष्मा आहे, रात्र रात्र आकाश कशी बघणार? तिची समजूत घाला. – एक वडील)

नमस्कार. ७८ गुणांची मला काळजी नाही. पोर जेवत नाही हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, त्याची आहे. चाळीस ओळींच्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत उरकलंय. तिची समजूत मी घालणार नाही. आधी तुमच्याशीच बोलायला हवं.

चष्म्याचं म्हणाल, तर या कामात डोळा लावून कुणी बसत नाही. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, रेडिओलहरी टिपतात; भर दुपारी आणि ढगांतूनसुद्धा. पुढचं सगळं काम संगणकावर. मोठा तारा स्फोट (सुपरनोव्हा) होऊन मरतो; त्याआधी तो हजारो वर्षं आपला वायू बाहेर सोडत असतो, सेकंदाला साधारण १० किलोमीटर वेगाने. स्फोटातला मलबा सुटतो सेकंदाला १०,००० किलोमीटरच्या आसपास, हजारपट वेगाने. तो त्या जुन्या वायूवर आदळतो, इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात भिरभिरतात आणि रेडिओलहरी निघतात. म्हणजे स्फोटानंतर वर्षभर निरीक्षण केलं, की ताऱ्याची शेवटची हजारेक वर्षं वाचता येतात! १९९३ साली दिसलेल्या ‘एसएन १९९३जे’ या अशाच स्फोटावर खगोलशास्त्रज्ञ पूनम चंद्रा आणि सहकाऱ्यांनी याच खोडदच्या निरीक्षणांतून महत्त्वाचं काम केलंय.

वाट सांगतो : बारावीनंतर आयसर या विज्ञानसंस्थांची आयएटी किंवा नायसरसाठीची नेस्ट, बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.साठी जॅम, पीएच.डी.ला जेस्ट; या सगळ्या प्रवेशपरीक्षा. इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअरही तिथे लागतातच. वाट लांब आहे, पीएच.डी. होईतो तिशी जवळ येते आणि जागा थोड्या, हे तिला स्पष्ट सांगा. पण गणित सोडायला लावलंत तर भौतिकशास्त्राचं दार तुम्हीच लावून घ्याल. ७८चे ९० करायला शिकवणी लावा, तो खर्च सत्कारणी लागेल.

‘बघा कसा वेळ घालवते’ म्हणून पाठवलेल्या त्या पानावर तिने अशा स्फोटाचं रेडिओतेज दिवसागणिक कसं बदलतं याचे तीन तरंगलांबींचे आलेख काढलेत, पेन्सिलने, पट्टी न वापरता. बरोबर काढलेत. आज वही खाली काढा. जेवताना विचारा, लहान तरंगलांबीची रेघ आधी का चढते? उत्तर ताऱ्याभोवतीच्या त्या वायूतच आहे. ती सांगेपर्यंत मध्ये बोलू नका.