उंदराचा आणि आपला डीएनए काही ठिकाणी अक्षरन्‌अक्षर सेम, मग उत्क्रांतीचं काय?

प्रश्न: मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माणूस आणि उंदीर यांच्यात डीएनएचे काही तुकडे जसेच्या तसे सापडतात असं वाचलं. कोट्यवधी वर्षांत तिथे काहीच बदललं नाही, तर उत्क्रांती चुकीची ठरत नाही का? आणि ते तुकडे काढून टाकले तरी उंदीर व्यवस्थित जगले म्हणे, मग निसर्गाने ते जपले कशाला? – एक वाचक, लातूर

उत्तर: प्रश्न फार चांगलाय, त्यातला दुसरा भाग तर शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं छळतोय.

आधी नेमकं काय सापडलं ते बघू. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ विद्यापीठात बेजेरानो, हाउसलर वगैरे मंडळींनी माणूस, माऊस (छोटा उंदीर) आणि रॅट (मोठा उंदीर) असे तीन जिनोम, म्हणजे प्रत्येकाचा संपूर्ण डीएनए, शेजारी ठेवून पाहिले, तर २०० अक्षरांपेक्षा (ए, टी, जी, सी ही डीएनएची अक्षरं) लांब आणि तिघांतही १०० टक्के सारखे असे ४८१ तुकडे निघाले. आपला आणि उंदरांचा सामायिक पूर्वज साधारण ८-९ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि यातले बरेचसे तुकडे कोंबडीतसुद्धा जवळपास तसेच आहेत म्हणजे गोष्ट ३० कोटी वर्षांच्या मागे जाते. बहुतेक तुकडे प्रोटीन बनवतच नाहीत, म्हणून तर सगळे चक्रावले.

आता उत्क्रांती म्हणजे सगळं सतत बदलत राहणं, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण सिलेक्शनचं, म्हणजे नैसर्गिक निवडीचं, रोजचं काम जास्त करून बिघडलेलं बाद करण्याचंच असतं. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी हिस्टोन एच४ हे प्रोटीन घ्या, ते ज्यांचं बनतं त्या १०२ अमिनो आम्लांपैकी वाटाणा आणि गाय यांच्यात फक्त २ वेगळी! पण तेच प्रोटीन बनवणाऱ्या जीनची अक्षरं बघा, ज्या जागी अक्षर बदललं तरी अमिनो आम्ल बदलत नाही तिथे भरपूर बदल झालेत. म्हणजे बदल येत होतेच, जिथे नुकसान नव्हतं तिथे टिकले आणि जिथे होतं तिथे गेले.

पण या ४८१ तुकड्यांबाबत एक शंका होती, की कदाचित तिथे म्युटेशनच, म्हणजे डीएनएतले आपोआप होणारे बदलच, होत नसतील. ही शंका तपासता येते, आणि मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात आवडतो. म्युटेशनच होत नसतील तर आज जिवंत असलेल्या माणसांमध्येही तिथे फरक जवळजवळ दिसायला नकोत, आणि जे थोडे दिसतील ते बाकी जिनोममधल्या फरकांइतकेच सहज पसरलेले असायला हवेत. २००७ मध्ये हे तपासलं तेव्हा दिसलं की फरक आहेत पण ते फार कमी लोकांत अडकून राहतात, पसरत नाहीत. म्हणजे बदल येतात आणि छाटले जातात, आणि ही छाटणी प्रोटीन बनवणाऱ्या जीन्सपेक्षाही बरीच कडक आहे.

आता तुमच्या उंदरांकडे येऊ. २००७ मध्येच कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीच्या टीमने उंदरांच्या डीएनएतून असे चार तुकडे उडवले आणि उंदीर जगले, त्यांना पिल्लंही झाली. पण लॅबमधल्या उंदराला दाणापाणी आयतं मिळतं, मांजर नाही, थंडी नाही, त्यामुळे 'जगला' याचा अर्थ 'काही बिघडलं नाही' असा होत नाही. पिढीमागे एक टक्का तोटा असला तरी हजारो पिढ्यांत तो बदल पुसला जातो, पिंजऱ्यात तो डोळ्यांना दिसणारही नाही. पुढे २०१८ मध्ये मेंदूच्या वाढीत लागणाऱ्या एआरएक्स जीनजवळचे तुकडे काढून नीट तपासलं तेव्हा उंदीर जगले खरे, पण बहुतेकांत वाढीचे किंवा मेंदूचे दोष निघाले.

तरी एक कोडं उरतंच आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हे तुकडे बरेचदा एन्हान्सर असतात, म्हणजे जीन कधी आणि कुठे चालू करायचा ते ठरवणारे, आणि एन्हान्सरला सहसा इतका काटेकोरपणा लागत नाही. २०२१ मध्ये अशा २३ एन्हान्सरमध्ये मुद्दाम अक्षरं बदलून पाहिली तर बरेचसे तरीही काम करत राहिले. मग प्रत्येक अक्षर का जपलं गेलं? कदाचित एकाच तुकड्यावर दोन-तीन कामं एकमेकांवर चढलेली असतील, पण हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. हा प्रश्न उत्क्रांतीच्या आतला आहे, उत्क्रांती झाली की नाही याचा नाही, कारण तुकडे कोणात किती सारखे हे नात्याच्या जवळिकीप्रमाणेच बदलत जातं.

कॉलेजात नेट असेल तर यूसीएससी जिनोम ब्राउझर ही सांताक्रूझ विद्यापीठाचीच वेबसाइट फुकट आहे. माणसाचा जिनोम निवडून एआरएक्स शोधा, झूम आउट करा आणि कॉन्झर्वेशनची (वेगवेगळ्या प्राण्यांत तो भाग किती सारखा राहिलाय ते दाखवणारी) पट्टी बघा, जीनच्या बाहेर जिथे काहीच नसेल असं वाटतं तिथेही उंच उंच शिखरं दिसतील.