जुनी फास्ट लेन्स आणि डिजिटल रेंजफाइंडर: आधी तपासा, मग खोला

डिजिटल रेंजफाइंडरवर (म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यावर) फास्ट, म्हणजे मोठ्या छिद्राची लेन्स फोकस चुकवत असेल, तर ती जुनी म्हणून सरळ कॅलिब्रेशनला (फोकस जुळवून घ्यायला) पाठवू नका. फिल्मवर फोकसची जी चूक खपून जायची, ती सपाट सेन्सरवर १०० टक्के झूम केल्यावर उघडी पडते, एवढंच. ५० मिमी एफ १.४ ला एक मीटरवर जेमतेम तीन सेंटिमीटर भाग स्पष्ट मिळतो.

ट्रायपॉडवर कॅमेरा, एक मीटरवर ४५ अंशात तिरकी पट्टी, छिद्र पूर्ण उघडं. प्रत्येक फोटोआधी फोकस अनंतावर नेऊन परत पट्टीच्या त्याच खुणेवर आणा. असे पाच फोटो काढा. पाचही एकाच बाजूला चुकले तरच दोष खरा, इकडेतिकडे पसरले तर तुमचा हात. दुसरी लेन्सही तशीच चुकत असेल तर कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर बिघडलाय. एका लेन्ससाठी बॉडीच्या रोलरला (लेन्सची हालचाल रेंजफाइंडरला पोचवणाऱ्या चाकाला) हात लावू नका, बाकीच्या सगळ्या बिघडतील!

सोनार या जुन्या लेन्स-रचनेत छिद्र बंद करताना फोकस मागे सरकतो. तो स्वभाव आहे, बिघाड नाही. रशियन ज्युपिटर-३ ची गोष्ट वेगळी. तिचं नाभीय अंतर ५२.४ मिमीच्या मापाचं, लायका कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर धरतो ५१.६; म्हणून अनंताला बरोबर बसवलेली लेन्स जवळ मागे फोकस करते. आतली शिम (अंतर राखणारी पातळ चकती) जाड केली की जवळचं जमतं, पण उघड्या छिद्रावर अनंत थोडं मऊ होतं. पोर्ट्रेटसाठी हा सौदा परवडतो.

कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू (सेन्सरवरचं चित्र थेट स्क्रीनवर) असेल तर पैसे खर्चण्याआधी तोच वापरून बघा.