शेजाऱ्याकडे ९४, आपल्याकडे ३८: बेसातल्या दोन ड्युप्लेक्सचा प्रश्न

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. नागपूरच्या बेसा रोडला एका भिंतीला लागून दोन ड्युप्लेक्स. कंपनी तीच, १०० एमबीपीएसचा प्लॅन तोच. शेजारच्या काकांच्या मोबाइलवर टेस्ट लावली की ९४ येतात, तुमच्या मोबाइलवर दिवसरात्र ३८ ते ४१. लाइनमन येऊन "इकडून बरोबर आहे" म्हणून निघून गेला. आता तुम्हाला दोन शंका आहेत: खांबापासून तुमचं घर लांब पडतं म्हणून असं होतं का, आणि काका तुमचा स्पीड ओढून घेतात का?

दोन्ही शंका सोडून द्या. लाइनमन कदाचित खरंच बोलला असेल.

लांबीची शंका टेलिफोनच्या जमान्यातली आहे. तेव्हा तांब्याच्या जोडतारेवरून ब्रॉडबँड यायचं. एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला एडीएसएल२ प्लस या तेव्हाच्या पद्धतीवर कागदोपत्री २४ एमबीपीएसपर्यंत मिळायचे आणि चार-पाच किलोमीटरवरच्या माणसाच्या हाती जेमतेम दोन-तीन लागायचे. त्यातही शेजारच्या घराची जोडतार दुसऱ्या पिलरवरून आलेली असायची, एखाद्या जॉइंटमध्ये पावसाचं पाणी शिरलेलं असायचं. दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक तेव्हा खरोखर पडायचा. फायबरमध्ये किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबीचा (डीबी म्हणजे लाइटची घट मोजायचं माप) तोटा होतो. काकांच्या घरापेक्षा तुमची वायर दोनशे मीटर जास्त फिरून आली तरी मीटरवर ते दिसणारसुद्धा नाही.

आता ओढून घेण्याचं. नळाला टुल्लू लावून शेजाऱ्याचं पाणी पळवता येतं, तसं इथे जमत नाही. फायबरच्या जीपॉन पद्धतीत एका पोर्टवरून खाली येणारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारे १.२५ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. वर कोणी केव्हा पाठवायचं याच्या वेळा कंपनीकडचं ओएलटी, म्हणजे फायबरचं मुख्य यंत्र, ठरवून देतं आणि प्रत्येकाच्या प्लॅनची मर्यादाही तिकडूनच लागते. काकांनी रात्रभर डाउनलोड लावलं तरी त्यांच्या वाट्याला १०० च्या वर जात नाही.

गर्दीचा त्रास होतो, पण तो अख्ख्या गल्लीला होतो. कमी भांडवलाचे ऑपरेटर ईपॉन ही दुसरी पद्धत वापरतात. त्यात पोर्टला एकच गिगाबिट असतो. ६४ घरं एकदम डाउनलोडला बसली तर वाट्याला पंधराच्या आसपास येतील. एकदम सगळी बसत नाहीत म्हणून धंदा चालतो. बहुतेक वेळा खरी अडचण त्याच्याही मागे असते: ऑपरेटरने वरच्या कंपनीकडून घेतलेली लाइनच अपुरी पडते. मॅच असली की रात्री नऊनंतर सगळ्यांचंच बफरिंग सुरू होतं ते त्यामुळे. ओळखायला सोपं आहे. सकाळी सहाला टेस्ट करा, रात्री साडेनऊला करा. आकड्यांत मोठा फरक पडला तर गर्दी. तुमच्याकडे दिवसरात्र चाळीसच दिसतात, म्हणजे गर्दी नाही.

आणि हा ठाम चाळीसचा आकडाच मला संशयास्पद वाटतो. २.४ गिगाहर्ट्झच्या नेहमीच्या (वायफाय ४) वायफायवर एका अँटेनाचं उपकरण २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसने जोडलं जातं. वायफायमध्ये बोलायचं आणि ऐकायचं एकाच हवेत, आळीपाळीने. त्यात पोच देण्या-घेण्याचा वेळ जातो. हाती निम्म्याच्या आसपास उरतात, म्हणजे पस्तीस-चाळीस. तुमचा आकडा बरोबर इथे येऊन बसतो. काकांचा मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असणार. अनेक राउटर दोन नावं दाखवतात, एक साधं आणि एक शेवटी "५जी" लावलेलं. ते मोबाइलचं ५जी आहे, रिचार्ज लागेल, असं समजून लोक त्याला हातच लावत नाहीत. सिमचा त्याच्याशी काही संबंध नाही. आधी ते नाव निवडून टेस्ट करा. कदाचित पुढचं वाचायची गरजच पडणार नाही.

ते नाव दिसतच नसेल तर तुमचं राउटर एकाच बँडचं, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. एकाच कंपनीकडून एकाच महिन्यात घेतलेल्या दोन कनेक्शनलाही डबे वेगवेगळे मिळतात. गोदामात जो असेल तो लाइनमन लावून जातो.

दुसरा प्रश्न जागेचा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानतं. ड्युप्लेक्समध्ये राउटर खाली हॉलमध्ये आणि तुम्ही वरच्या बेडरूममध्ये, मधे सळयांचा स्लॅब. शिवाय आपल्या नागपुरात आणखी एक भानगड आहे, ती पुण्या-मुंबईचे लोक सांगणार नाहीत: कुलर. वायर खिडकीतून आत येते म्हणून राउटर खिडकीशेजारी, आणि होळी झाली की त्याच खिडकीत पत्र्याचा कुलर चढतो. पत्रा लहरी परतवतो, गवताच्या ओल्या ताट्या आणि टाकीतलं पाणी त्या शोषून घेतं. कुलरच्या पलीकडच्या खोलीत नेट मेलंच समजा. "मार्चपर्यंत छान चालत होतं, आता कंपनीने स्पीड कमी केला" या तक्रारीतला मोठा हिस्सा मी राउटर दुसऱ्या भिंतीवर सरकवून मिटलेला पाहिला आहे.

कुलरचा आणखी एक प्रताप सांगतो. त्रिमूर्ती नगरला एका कंपाउंडमध्ये दोन भावांची घरं. थोरल्याचं व्यवस्थित, धाकट्याचं कधी ८०, कधी १२, मधेच लाल लाइट. राउटरच्या पेजवर पाहिलं तर थोरल्याकडे लाइट, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद, उणे १९.६ आणि धाकट्याकडे उणे २७.९ डीबीएम. उणे आकडा जितका मोठा तितका लाइट कमी. वायर धरून मागे मागे गेलो. पिवळी पॅचकॉर्ड, म्हणजे राउटरला लागणारी फायबरची बारीक वायर, स्लायडिंग खिडकीच्या खाचेतून आत घेतलेली, आणि कुलर बसवताना काच सरकवून तिच्यावर घट्ट दाबलेली. कॉर्डला तिथे चक्क कोन पडला होता. काच मागे घेतली, कॉर्ड सोडवून गोल वळण देऊन बाहेर काढली. आकडा उणे २१ वर आला. दर तीन डीबीला लाइट निम्मा होतो, म्हणजे नुसत्या त्या दाबाने जवळपास चार पंचमांश लाइट खिडकीतच सांडत होता.

यातली समजून घ्यायची गोष्ट अशी की लाइट कमी झाला म्हणून स्पीड त्या प्रमाणात कमी होत नाही. उणे १५ आणि उणे २४ या दोघांनाही तोच स्पीड मिळतो. जीपॉनच्या नेहमीच्या उपकरणांची हद्द उणे २७ च्या आसपास. तिथे पोचलात की डेटाची पॅकेट चुकायला लागतात, ती पुन्हा पाठवावी लागतात, आणि पाठवणारा सर्व्हर गर्दी समजून आपणहून हात आखडता घेतो. म्हणून आकडा नाचतो. तुमचा नाचत नाही, त्यामुळे तुमच्याकडे हा रोग नसावा. पण पाहून घ्या. लाइट फार जास्त असणंही वाईट, उणे ८ च्या वर गेला तर रिसीव्हर आंधळा होतो.

दोन शेजाऱ्यांच्या लाइटमध्ये एवढा फरक मुळात कसा? कारण दोन्ही घरं एकाच बॉक्सवर असतीलच असं नाही. पाठीला पाठ लावलेल्या घरांना वेगवेगळ्या गल्लीतल्या खांबांवरून वायर येते. मोठ्या कंपन्या साधारणपणे लाइट सारखा वाटून देणारे स्प्लिटर लावतात. आपले केबलवाले मात्र गल्लीभर एकामागोमाग कपलर लावत जातात, १०-९०, २०-८०, म्हणजे दहा-वीस टक्के लाइट त्या घराला, उरलेला पुढे. सुरुवातीच्या घरांना भरपूर, शेवटच्यांना तळाचा गाळ. नंतर मधेच कोणी नवीन गिऱ्हाईक जोडलं की पुढच्या सगळ्यांचा आणखी कमी. त्यात सिमेंट रोडच्या कामात जेसीबीने वायर तोडली आणि घाईत मशीनऐवजी हाताने जोड दिला असेल, तर विचारूच नका.

जुन्या वस्त्यांत काही गल्ल्यांमध्ये फायबर खांबापर्यंतच आणि पुढे गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबल, असाही प्रकार सापडतो. तिथे नियम वेगळे. केबल शंभर मीटरच्या वर नको. केबलमधल्या आठही तारा शाबूत असतील तरच गिगाबिट चालतं. त्यातली एक जोडी तुटली तर पोर्ट १०० वर उतरतं आणि टेस्टमध्ये ९४-९५ च्या पुढे आकडा सरकत नाही. काकांनी उद्या २०० चा प्लॅन घेतला आणि तरी ९४ च आले, तर त्यांना हे सांगा. जूनच्या पहिल्या विजा कडाडल्या की अशा तांब्याच्या पोर्टांचा बळी जातो. फायबर काचेचं, त्यातून विजेचा झटका येत नाही.

छतावरच्या ५जी डब्यावरून नेट घेणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलचं ५जी सुरू झालेल्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं आणि आता बाहेरच्या लेआउटमध्ये असे डबे बरेच दिसतात. तिथे एका घराला टॉवर सरळ दिसतो आणि दुसऱ्याच्या आड पाण्याची टाकी किंवा कडुलिंब येतो. दोन शेजाऱ्यांत खरोखरच दुप्पट-तिप्पट फरक पडू शकतो आणि त्यात फसवणूक कोणाचीच नसते.

तुमच्याकडे परत येतो. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, वायफाय बंद करा आणि टेस्ट करा. ९० च्या वर आले तर कंपनीकडे तक्रार टाकून उपयोग नाही, गडबड घरातली आहे. तिथेही ३८ च आले तर मात्र राउटरच्या पेजवर जा (बहुधा १९२.१६८.१.१, पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर). तिथे ऑप्टिकल पॉवर, आरएक्स पॉवर असं काही लिहिलेलं असेल, त्याचा फोटो काढून ठेवा. लाइनमनला "स्पीड येत नाही" म्हणू नका, "लाइट उणे अमुक आहे, मीटर घेऊन या" म्हणा. मग तो कनेक्टर पुसून, जोड तपासून काम करतो. आणि काकांशी तुलना करायचीच तर एकच मोबाइल दोन्ही घरांत नेऊन, टेस्टचा सर्व्हर एकच निवडून करा. दोन वेगळ्या मोबाइलची तुलना म्हणजे निव्वळ करमणूक.

गडबड घरातलीच निघाली तर दुकानदार रिपीटर गळ्यात मारेल, तो घेऊ नका. स्वस्त रिपीटर त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड पुन्हा निम्मा होतो. त्यापेक्षा जिन्याच्या कडेने वरच्या मजल्यावर कॅट ६ केबल न्या आणि दोन बँडचं दुसरं राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून नेट घेऊन वायफाय पसरवायला, लावा. केबलवरचा आकडा, ऑप्टिकल पॉवर आणि राउटरचं मॉडेल, एवढं कळवा. वरच्या मजल्यावर डबा कुठे लावायचा ते मग ठरवू.