पुरळ पाहिल्यावर रुग्णाचे गावही विचारावे

ठाण्यात ओपीडीला नव्याने बसणाऱ्या डॉक्टरांना माझे सांगणे असे की, सीडी-४ पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) १०० च्या खाली गेलेल्या एचआयव्ही रुग्णाचा ताप क्षयरोगाची औषधे चालू असूनही उतरत नसेल, तर बुरशीचा संशय घ्यायला उशीर करू नये. चेहऱ्यावरच्या, मध्यभागी खळगा असलेल्या पुटकुळ्या आपण मोलस्कम (त्वचेचा साधा विषाणूजन्य आजार) म्हणून सोडून देतो. पण रुग्ण मूळचा मणिपूरचा असून नोकरीसाठी घोडबंदर रोडला राहायला आलेला असेल, तर टॅलारोमायकोसिस (टॅलारोमायसिस या बुरशीचा आजार) आधी आठवावा, कारण हा आजार ईशान्य भारतात आढळतो. पुटकुळी खरवडून केलेल्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या नमुन्यात) मधोमध आडवा पडदा असलेल्या पेशी दिसल्यास टॅलारोमायसिस, आणि अरुंद बुडाने अंकुरणाऱ्या बारीक पेशी दिसल्यास हिस्टोप्लाझ्मा ही दुसरी बुरशी, असा प्राथमिक भेद करता येतो. लॅबच्या चिठ्ठीवर संशय स्पष्ट लिहावा (नुसते ‘कल्चर’ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे), कारण हिस्टोप्लाझ्मा वाढायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात आणि नेहमीची कल्चर प्लेट (जंतू वाढवण्याची बशी) त्याच्या कितीतरी आधी टाकून दिली जाते. डोकेदुखी नसली तरी रक्तातील क्रिप्टोकॉकल अँटिजेन (मेंदूपर्यंत पोहोचू शकणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीची खूण) तपासावे. ते पॉझिटिव्ह आल्यास पाठीतले पाणी तपासल्याशिवाय नव्या रुग्णाची एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधे) सुरू करू नये.