वायतुरा आणि शेकरू : एकाच तक्त्यात कसे मांडावे?

प्रश्न : प्रकल्पासाठी कास पठारावरचा वायतुरा (एक पाणवनस्पती) आणि महाबळेश्वरचे शेकरू यांची तुलना करायची आहे. शेकरू राज्यप्राणी असल्याने तेच जास्त धोक्यात, असे लिहू का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तसे लिहू नका. राज्यप्राणी हा शासनाने दिलेला मान आहे. धोक्याची श्रेणी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीतून घ्यायची. त्या यादीत शेकरू ‘कमी चिंता’ या श्रेणीत आहे, वायतुरा मात्र ‘संकटग्रस्त’.

कारण विस्तारात आहे. शेकरू भारतात बऱ्याच जंगलांत आढळते. वायतुरा उत्तर सह्याद्रीतील मोजक्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर), पावसाळी उथळ डबक्यांतच उगवतो. विस्तार ५,००० चौ. कि.मी.हून कमी असेल तर जात ‘संकटग्रस्त’ ठरू शकते. मात्र सोबत तुकड्यातुकड्यांचा अधिवास, सततची घट अशा निकषांपैकी किमान दोन लागतात. नुसते क्षेत्रफळ पुरत नाही, आणि बहुतेक तक्ते इथेच चुकतात. शेकरूची संख्याही घटतेच आहे, म्हणून ‘संख्येचा कल’ हा रकाना वेगळा ठेवाच.

वर्गीकरण सोपे आहे. दोघांची वाट सृष्टीपासूनच (वनस्पती की प्राणी) वेगळी. वायतुरा : एकदलिकित, गण अलिस्माटेलीस, कुल अपोनोजेटोनेसी, जाती अपोनोजेटॉन सातारेन्सिस. शेकरू : सस्तन, गण कृंतक, कुल सायुरिडी, जाती रतुफा इंडिका. झाडावर राहते म्हणून त्याला माकडांजवळ बसवू नका. आयुष्यभर वाढणारे पटाशीचे दात ही कृंतकांची खूण.

सड्यावर फोटो काढताना डबक्यात पाय घालू नका. वायतुऱ्याचे कंद तिथल्याच चिखलात असतात.