वाचकांचे प्रश्न : संगणकाविना चालणारा लॉसलेस प्लेअर

लॉसलेस (ध्वनीचा एकही बिट न गमावणारा) प्लेअर घरी बांधण्याविषयी आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिल्या उत्तरात पूर्ण जोडणी आहे. पुढची उत्तरं तीच जोडणी धरून दिली आहेत.

प्रश्न : सीडींचा संग्रह फ्लॅक फायलींमध्ये उतरवून घेतला आहे. ऐकताना मध्ये संगणक नको, फोनही नको. कार्ड घातलं, बटण दाबलं आणि ॲम्प्लिफायरमधून गाणं आलं, एवढंच हवं. सोल्डरिंग येतं, प्रोग्रामिंग जेमतेम. काय काय घ्यावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी कामाचा अंदाज घेऊ. सीडीमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन चॅनेल आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. फ्लॅकमध्ये हेच साधारण ५० ते ७० टक्क्यांवर येतं आणि उलगडल्यावर एकही बिट न बदलता परत मिळतं. हे उलगडणं सगळं पूर्णांकांच्या गणितात होतं, त्यामुळे दोनशे-अडीचशे मेगाहर्ट्झच्या स्वस्त मायक्रोकंट्रोलरलाही ते जड जात नाही. खरी कसोटी वेळेची असते. डॅक (डिजिटल नमुन्यांचा ॲम्प्लिफायरला चालणारा संकेत करणारी चिप) कुणासाठी थांबत नाही. पुढचा नमुना ठरलेल्या क्षणी हजर नसेल तर आवाज तुटलाच. म्हणून पैसे आणि मेहनत खर्च करायची ती तीन गोष्टींवर : स्वच्छ वीज, स्थिर क्लॉक (नमुन्यांची लय ठरवणारे ठोके) आणि कार्डावरून आधीच वाचून ठेवलेल्या ध्वनीचा पुरेसा साठा.

भाग असे घ्या. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा रोव्हर मॉड्यूल असलेला बोर्ड (त्यावर पीएसरॅम ही वेगळी जादा स्मृती असते), पीसीएम५१०२ए डॅकचं मॉड्यूल, मायक्रोएसडीचं साधं सॉकेट, तीन पुश बटणं. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. बोर्ड घेताना ईएसपी३२-एस३ ही आवृत्ती नको, मूळ ईएसपी३२ मागा. मूळ चिपमध्ये ध्वनीच्या क्लॉकसाठी एपीएलएल नावाचा स्वतंत्र भाग आहे, एस३ मध्ये तो नाही. एपीएलएल नसेल तर १६० मेगाहर्ट्झला अपूर्णांकाने भागून क्लॉक काढावं लागतं. त्याची सरासरी बरोबर येते, पण प्रत्येक ठोका किंचित मागे-पुढे पडतो.

कार्डाची जोडणी (आकडे ईएसपी३२ च्या पिनांचे) : सीएस ५, क्लॉक १८, मिसो १९, मोसी २३. डॅकची : बीसीके २६, एलसीके २५, डीन २७. बटणं ३२, ३३ आणि १३ वर, दुसरं टोक ग्राउंडला, आतले पुल-अप (पिन ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारे रेझिस्टर) चालू. बटणांसाठी ३४ ते ३९ या पिना घेऊ नका, त्यांना आतले पुल-अप नाहीत. ६ ते ११ फ्लॅशकडे आणि १६, १७ पीएसरॅमकडे गेलेल्या असतात. १२ क्रमांकाची पिन तर मोकळीच ठेवा. चालू होताना ती वर ओढली गेली तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्ट द्यायला जाते आणि बोर्ड सुरूच होत नाही.

डॅकच्या मॉड्यूलवर बहुतेक जण अडकतात, म्हणून तिथे जरा थांबू. जांभळ्या रंगाच्या बोर्डाच्या पाठीमागे चार जोडबिंदू असतात. १, २ आणि ४ क्रमांकाचे एल बाजूला, तर ३ क्रमांकाचा एच बाजूला सोल्डरने जोडायचा. तिसरा बिंदू एक्सएसएमटी म्हणजे म्यूटचा. तो वर नसेल तर बाकी सगळं अचूक असूनही पूर्ण शांतता मिळते. पुढच्या बाजूला एससीके ही पिन ग्राउंडला जोडा, म्हणजे चिप बीसीकेवरून स्वतःचं आतलं क्लॉक बनवते. एससीके तरंगती राहिली तर कधी खरखर, कधी बोट लावल्यावरच आवाज, असे प्रकार होतात. काही मॉड्यूलवर हे बिंदू आधीच जोडलेले येतात. भिंगातून पाहून आणि मल्टिमीटरने तपासूनच वीज द्या.

प्रोग्राम चढवायला संगणक एकदाच लागतो. शेजारच्याचा किंवा कॉलेजचा चालेल. आर्दुइनो या प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये पीएसरॅम चालू करा आणि ईएसपी३२-ऑडिओ-आयटूएस ही लायब्ररी घ्या, ती फ्लॅक आणि वेव्ह (न दाबलेला ध्वनी) दोन्ही वाचते. सुरुवातीला कार्ड उघडायचं, वरच्या तीन पिना सांगायच्या, फाइल जोडायची आणि मुख्य लूपमध्ये लायब्ररीचं लूप फंक्शन अखंड चालू ठेवायचं. त्या लूपमध्ये डिले (थांबण्याची आज्ञा) हा शब्द येता कामा नये. बटणाची थरथर टाळायला अनेक जण ५० मिलिसेकंदांचा डिले टाकतात. त्याऐवजी मागच्या दाबाची वेळ लक्षात ठेवून तुलना करा. आणि वायफाय सुरूच करू नका. वीज वाचते, शिवाय रेडिओच्या झटक्यांनी पुरवठ्यात येणारी कुरकुर टळते.

आवाज कमी-जास्त करण्यासाठी प्रोग्राममधला व्हॉल्यूम पूर्ण ठेवा. डिजिटल व्हॉल्यूम दर ६ डेसिबल उतरवला की साधारण एक बिट हातचा जातो. डॅकनंतर १० किलोओहमचा दुहेरी लॉग पॉट (आवाजाचा नॉब) लावा, किंवा ॲम्प्लिफायरचाच वापरा.

प्रश्न : कार्ड कधी ओळखलं जातं, कधी नाही. सीडी दर्जाच्या फायली नीट वाजतात, पण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटांच्या वेव्ह फायली अडखळतात. कार्ड दोनदा बदललं. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं बहुधा मॉड्यूलचं. बाजारातल्या बऱ्याच कार्ड मॉड्यूलवर ५ व्होल्टसाठी एएमएस१११७ रेग्युलेटर बसवलेला असतो. त्याला स्वतःलाच सुमारे १ व्होल्ट लागतो. त्याच्या व्हीसीसीला ३.३ व्होल्ट दिले की कार्डापर्यंत जेमतेम सव्वादोन पोहोचतात. काही कार्डं तेवढ्यावरही उठतात, काही नाही, म्हणून दोष कार्डाचा वाटतो. मॉड्यूलला ५ व्होल्ट द्या, किंवा रेग्युलेटर नसलेलं सॉकेट घेऊन थेट ३.३ द्या. सॉकेटच्या अगदी जवळ १० मायक्रोफॅरॅड आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर लावा. सीएस आणि मिसो यांना १० किलोओहमने ३.३ कडे ओढा.

दुसरं दुखणं वेगाचं. आर्दुइनोची कार्ड लायब्ररी वेग न सांगितल्यास ४ मेगाहर्ट्झने चालते. म्हणजे कागदावरच सेकंदाला ५ लाख बाइट, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. सीडीच्या १,७६,४०० ला ते पुरतात. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल म्हणजे ५,७६,००० बाइट. ते त्यात मावणारच नाहीत. कार्ड उघडताना वेग २० मेगाहर्ट्झ करा. त्यानंतर कार्ड चुकू लागलं तर तारा लांब आहेत असं समजा. ब्रेडबोर्डवरच्या २० सेंटिमीटर जम्परांवर २० मेगाहर्ट्झ धड चालत नाही, ५-७ सेंटिमीटरच्या सोल्डर केलेल्या तारांवर चालतं.

वेव्हऐवजी फ्लॅक केल्यानेही भार बराच उतरतो, आणि आणखी एक अडचण टळते. कार्डावरच्या एफएटी३२ या फाइल-मांडणीत एक फाइल ४ गिगाबाइटच्या आतच हवी. तुमच्या दर्जाची वेव्ह फाइल दोन तास चार मिनिटांनी तिथे पोहोचते. रात्रभराच्या मैफलीचं सलग ध्वनिमुद्रण तर सोडाच, अर्ध्या रात्रीचंही मावत नाही.

कार्ड ३२ गिगाबाइटचंच घ्या. ते मुळातच एफएटी३२ मध्ये येतं. ६४ आणि त्यापुढची एक्सफॅटमध्ये येतात आणि ही जोडणी ती वाचत नाही. सीडी दर्जाचं ८० ते ९० तासांचं फ्लॅक ३२ मध्ये बसतं.

प्रश्न : सगळं चालतं, पण शांत जागी बारीक टिकटिक ऐकू येते. तंबोरा एकटा वाजत असताना तर फारच. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : तंबोऱ्यावर तपासलंत हे उत्तम केलंत. सलग, संथ नादात जो दोष उघडा पडतो, तो तबल्याच्या ठेक्यात लपून जातो.

टिकटिक नियमित असेल तर ती कार्डवाचनाची आहे. साठा भरण्यासाठी ठरावीक अंतराने कार्ड वाचलं जातं, तेव्हा ते एकदम जास्त विद्युतप्रवाह ओढतं, ३.३ ची तार क्षणभर बसते आणि तो धक्का डॅकच्या आउटपुटमध्ये उमटतो. खात्री करायची असेल तर प्रोग्राममध्ये फाइलऐवजी स्मृतीतूनच १ किलोहर्ट्झची लाट वाजवा. टिकटिक गेली तर निदान पक्कं.

उपाय वायरिंगचा आहे. डॅकला ईएसपी३२ च्या ३.३ पिनेवरून वीज देऊ नका. मूळ पुरवठ्यावरून त्याच्यासाठी वेगळा लो-ड्रॉपआउट (स्वतःसाठी फार थोडे व्होल्ट खाणारा) रेग्युलेटर ठेवा आणि त्याच्या आउटपुटला १०० मायक्रोफॅरॅड अधिक ०.१ मायक्रोफॅरॅड लावा. कार्डाची आणि डॅकची ग्राउंड तार एकाच लांब तारेवर साखळीने ओवू नका. दोन्ही स्वतंत्रपणे पुरवठ्याच्या एकाच बिंदूवर आणा. बहुतेक वेळा एवढ्या एका बदलाने काम होतं. बीसीकेच्या तारेत ईएसपी३२ च्या बाजूला ३३ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला तर क्लॉकच्या कडाही निवळतात.

टिकटिक अनियमित असेल आणि तिच्यासोबत सूर किंचित तुटत असेल, तर साठा रिकामा होतो आहे. पीएसरॅम खरंच चालू आहे का, ते प्रोग्राममधून छापून पाहा. सीडी दर्जाच्या फ्लॅकचे ५०० किलोबाइट साठवले की पाचेक सेकंदांची बेगमी होते, आणि कार्ड मध्येच रेंगाळलं तरी जाणवत नाही.

प्रश्न : खिशात बसेल असा करायचा आहे. ५०० मिलिॲम्पिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि टीपी४०५६ चार्जर घेतला. चालेल ना? हेडफोन थेट डॅकला लावू का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : चार्जर आहे तसा लावू नका, ही धोक्याची गोष्ट आहे. टीपी४०५६ च्या मॉड्यूलवर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि तो चार्जिंग १ ॲम्पिअरवर ठरवतो. तुमच्या बॅटरीला ते क्षमतेच्या दुप्पट दराने होतं. ती तापेल, फुगेल. तो रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा बसवा, म्हणजे सुमारे २५० मिलिॲम्पिअर मिळतील. चार्जिंग करताना प्लेअर बंदच ठेवा. वाजता प्लेअर तेवढ्यात वीज ओढत राहतो आणि बॅटरी भरल्याचं चार्जरला कळत नाही.

रेग्युलेटर एएमएस१११७ नको. बॅटरी पूर्ण भरून ४.२ वर असतानाही तो पुरते ३.३ देऊ शकत नाही, आणि ती उतरू लागली की ईएसपी३२ ब्राउनआउटचा (वीज कमी पडल्याचा) संदेश देत पुन्हा पुन्हा सुरू होतो. एपी२११२ सारखा ६०० मिलिॲम्पिअरचा लो-ड्रॉपआउट घ्या. वायफाय बंद असताना सगळं मिळून १०० मिलिॲम्पिअर धरले, तर तुमच्या बॅटरीवर चार-साडेचार तास मिळतील. १८६५० हा मोठा गोल लिथियम सेल बसवता आला तर वीस तासांच्या आसपास.

हेडफोन थेट नको. पीसीएम५१०२ए चं आउटपुट २.१ व्होल्टचं असलं तरी ते किमान १ किलोओहमच्या भारासाठी आहे. ३२ ओहमवर आवाज चिरकतो. टीडीए१३०८ ही हेडफोनची चिप ५ व्होल्टच्या एकेरी पुरवठ्यावर चालते. बॅटरीवर त्यासाठी छोटा बूस्ट कन्व्हर्टर लागेल, तो डॅकपासून लांब ठेवा. इनपुटला २२ किलोओहम आणि फीडबॅकला १० किलोओहम ठेवा, म्हणजे आवाज साधारण ०.९५ व्होल्टवर येतो. ३२ ओहमच्या हेडफोनला तो भरपूर आहे. आउटपुटला प्रत्येक चॅनेलला २२० मायक्रोफॅरॅड. त्याहून लहान कपॅसिटर घेतला तर पखवाजाचा खालचा घुमार पातळ होतो.

प्रश्न : प्रोग्रामिंग अजिबात जमणार नाही. काही मार्ग? (एक वाचक, अकोला)

उत्तर : डीएफप्लेअर मिनी हे तयार मॉड्यूल घ्या. कार्डाची खाच त्यावरच असते, प्रोग्राम लागत नाही आणि ते वेव्ह फायली वाजवतं. आयओ१ आणि ग्राउंडमध्ये एक बटण लावा : थोडा वेळ दाबलं की मागचं गाणं, धरून ठेवलं की आवाज कमी. आयओ२ वर पुढचं गाणं आणि आवाज जास्त. डॅक-आर आणि डॅक-एल या पिनांवरून १० मायक्रोफॅरॅडमधून ॲम्प्लिफायरला द्या. स्पीकरच्या पिना लॉसलेससाठी विसरा, त्या एकाच चॅनेलच्या आहेत. गाणी नावाप्रमाणे नव्हे, कार्डावर ज्या क्रमाने उतरवली त्या क्रमाने लागतात. म्हणून फोनला ओटीजी कार्ड रीडर लावून एकेक फाइल क्रमाने टाका. फ्लॅक चालत नाही, आणि या चिपमधला डॅक पीसीएम५१०२ए पेक्षा बराच गोंगाटी आहे. फाइल लॉसलेस राहील, पण शांतता तेवढी खोल मिळणार नाही.

प्रश्न : ओएलईडी पडद्यावर रागाचं नाव देवनागरीत हवं आहे. अक्षरं येतात, पण विचित्र. (एक वाचक, पुणे)

उत्तर : या छोट्या पडद्यांच्या लायब्ऱ्या अक्षरं एकामागून एक ठेवतात, जुळवत नाहीत. त्यामुळे ‘बिहाग’मधली वेलांटी ब च्या नंतर पडते आणि ‘पूरिया धनाश्री’मधला श्र फुटून श, पायमोडका आणि र असा दिसतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. सोपा मार्ग म्हणजे नावाचं चित्रच करून ठेवणं. १२८ बाय ६४ ठिपक्यांचं एकरंगी चित्र बरोबर १,०२४ बाइटचं होतं. गाण्याच्याच नावाने ते कार्डावर ठेवा आणि गाणं सुरू व्हायच्या आधी एकदाच दाखवा. गाणं चालू असताना पडदा सतत ताजा करू नका. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर (पडद्याच्या दोन तारांच्या जोडणीवर) पूर्ण पडदा भरायला जवळपास २३ मिलिसेकंद जातात.

प्रश्न : आलाप, जोड आणि झाला वेगळ्या ट्रॅकवर आहेत. दोन ट्रॅकच्या मध्ये तंबोरा तुटतो. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : फ्लॅकमध्ये नमुन्यांची संख्या नेमकी नोंदलेली असते, त्यामुळे खंड फायलीत नाही, प्लेअरमध्ये आहे. जुनी फाइल संपल्यावर नवी उघडून तिचा साठा भरेपर्यंत डॅक रिकामा राहतो. लायब्ररीत हात घालून पुढची फाइल आधीच उघडणं शक्य आहे, पण ते जिकिरीचं आहे. तीनही ट्रॅक जोडून एकच फ्लॅक फाइल करा. तंबोरा सलग राहील.